माफीच्या रविवारी

अगाफियाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. साफ खोटं. नवरा दारू पिऊन मारायचा, हे त्याला मातीआड करेपर्यंत तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. पण बाई विहिरीवर दोन शब्द जास्त बोलली की लोक तिला बडबडी ठरवून मोकळे होतात.

तिची एकुलती एक लेक विओरिका शरद ऋतूत इटलीला गेली होती, टोमॅटोच्या हरितगृहांत कामाला. हिवाळाभर फोन नाही. मग एका दुपारी दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून तिचा दबका आवाज आला.

"आई, पासपोर्ट मालकाने काढून घेतलाय. फाटकाला कुलूप असतं. मागून समुद्र ऐकू येतो, निळी पाण्याची टाकी आहे... आई, मला इथून ने."

आणि फोन तुटला. परत लावला तर लागेचना.

तालुक्याच्या दवाखान्यात, बायकांच्या संडासाच्या दारावर, एक कागद चिकटवलेला अगाफियाने पाहिला होता. माणूस कुठे अडकलं असेल तर या नंबरवर सांगा, नाव सांगावं लागणार नाही. ती बस पकडून गेली, नंबर उतरवून आणला आणि खुराड्यामागे उभी राहून फोन लावला.

"नाव नाही सांगितलंत तरी चालेल, मावशी. मी कोरिना. सावकाश सांगा," पलीकडची मुलगी म्हणाली.

कुणीतरी सावकाश सांगा म्हटलं आणि अगाफियाला रडूच फुटलं. रडत रडत तिने टाकी सांगितली, समुद्र सांगितला, कुलूप सांगितलं.

"काम कुणी लावून दिलं, मावशी?"

इथे अगाफिया अडखळली. काम लावून दिलं होतं झिनोवियाने, तिच्या कुमात्राने. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून ज्या बाईने आपलं लेकरू उचललं, त्याची धर्मआई झाली, ती कुमात्रा. सख्खी बहीण परवडली, पण कुमात्राला दुखावू नये, तिचं नाव वाईटसाईट गोष्टीत घेऊ नये, हे आमच्याकडे पोरांना न शिकवता कळतं. झिनोवियाचा भाचा गेनादी माणसांना गाडीतून इटलीला पोचवायचा. भोळा पोरगा, त्यालाही फसवलं असणार, असं अगाफियाने स्वतःशी ठरवून टाकलं.

"असाच एक गाडीवाला होता," ती म्हणाली. "नाव नाही आठवत."

पुन्हा फोन आला तेव्हा कोरिनाचा आवाज उजळलेला होता. "जागा सापडली, मावशी. मंगळवारी तिथले पोलीस आणि आमची माणसं जातायत. पण तोवर कुणालाही सांगू नका. शेजाऱ्यांना नाही, पाद्रीबाबांना नाही, नात्यातल्या कुणालाही नाही."

"अगं पोरी, माझ्या कोंबड्यांना पण पत्ता लागू देणार नाही!"

कोरिना हसली. अगाफियाही हसली, कित्येक महिन्यांनी.

रविवार उजाडला, तो ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीचा माफीचा रविवार. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या धर्मआईच्या दारी जायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. लेक परदेशी, म्हणून तिच्या वाटची माफी आईने मागायची. अगाफियाने वेणी घातलेला गोल पाव भाजला, नव्या रुमालात गुंडाळला, झिनोवियाचं घर गाठलं आणि तिच्यापुढे गुडघे टेकले.

"कुमात्रा, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर मला माफ कर. माझ्या विओरिकालाही कर."

"देव माफ करो. तू पण मला कर हो," झिनोवियाने तिला उठवून छातीशी धरलं. "आणि डोळे का गं सुजलेत? माझ्या लेकीची खबर बरी आहे ना?"

माझ्या लेकीची, म्हणाली ती. अगाफियाचं काळीज गलबललं. पोटात गुपित ठेवून माफी मागितली तर ती लागू होत नाही, हे तिने आईकडून ऐकलं होतं, आईने तिच्या आईकडून. आणि "कुणालाही" या शब्दात कुमात्रा येते, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. तिने सगळं सांगितलं. टाकी, पोलीस, मंगळवार.

"गेनादीलाही सांग हं," वर म्हणाली. "बिचारा नाहक गोत्यात यायचा."

झिनोवियाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळेसुद्धा पुसले. पनीर भरलेल्या गरम पोळ्या वाढल्या. "खा गं बाई. उद्यापासून उपास." अगाफियाने पोटभर खाल्लं. त्या बाईने वाढलं आणि तिने खाल्लं!

सोमवारी झिनोवियाच्या दाराला कुलूप दिसलं. गेली असेल बिचारी विओरिकाच्याच कामासाठी धावत, असं अगाफियाला वाटलं. तिने विओरिकाची खाट उन्हात टाकली, गादी झोडपली.

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला.

"मावशी," कोरिना म्हणाली. "उशीच्या अभ्र्यावर लाल कोंबडा भरलेला. तुमच्या हातचा?"

"माझ्याच! मीच दिला होता! सापडली ना माझी पोर?"

"अभ्रा सापडला. माणसं कुणीच नव्हती. आदल्या रात्री सगळ्यांना गाडीत घालून नेलं. मावशी, तुम्ही कुणाला बोललात का?"

"कुणालाच नाही. देवाशपथ कुणालाच..." अगाफिया म्हणाली. "फक्त कुमात्राला."

मग तिने नाव सांगितलं. झिनोवियाचं, गेनादीचं, त्याच्या गाडीचा रंगसुद्धा. जिथे बोलायचं तिथे गिळलं होतं, आणि जिथे गिळायचं तिथे बोलून बसली होती. विश्वासाने मान पुढे केली आणि त्या बाईने केसाने गळा कापला, तोही तिच्या लेकराचा.

कोरिना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "आता नावं आहेत, मावशी, आम्ही शोध सोडणार नाही. फोन चालू ठेवा," एवढंच म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता.

"पोरी, मला माफ कर."

कोरिनाही इकडचीच. माफी मागणाऱ्याला जे म्हणायचं असतं तेच ती म्हणाली. "देव माफ करो, मावशी."

"तो करील गं," अगाफिया म्हणाली. "माझी पोर करील का?"