तीन राखणदार आणि एक शब्दपेटी

भिंगरीने माउस आपटला तेव्हा शनिवारच्या अर्ध्या सुट्टीतले दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकटी चार वाजता येणार होती.

"आजोबा, शब्दपेटी दिसतच नाहीये. बघा ना, जागा रिकामी आहे."

मी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पाहिलं. आठ महिने जिथे निळ्या पेटीचं चित्र असायचं, तिथे नुसता करडा रंग होता.

धाकटी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची सात वर्षांची मुलगी. ती बोलताना अडखळते. पहिलं अक्षर घशात अडून बसतं आणि ते सुटेपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. मी तीस वर्षं लहान मुलांना वाचायला शिकवलं. अडखळण्यावरचे उपाय मला ठाऊक नाहीत, पण थांबता येतं. ती रोज चारला येते. आम्ही गप्पा मारतो, मायक्रोफोन चालूच असतो. एखादा शब्द सलग, अख्खा आला की तेवढाच तुकडा कापून शब्दपेटीत ठेवायचा. त्या शब्दाच्या चित्रावर टिचकी मारली की पेटी तिच्याच आवाजात तो शब्द म्हणते. असे चौसष्ट शब्द झाले होते. कितवा शब्द कोणता, ते मी एका वहीत लिहून ठेवतो. आमच्या घरात एकच कडक नियम आहे: धाकटीचा शब्द दुसऱ्या कुणी पूर्ण करायचा नाही.

आणि मी तिला सांगून ठेवलं होतं, "पेटीत पडलेला शब्द कुठेही जात नाही."

पेटी बनवली होती माझ्या भाच्याने. तो जहाजावर नोकरीला. पुढचं बंदर लागेपर्यंत, म्हणजे आणखी तीन आठवडे, त्याचा फोन लागणार नव्हता.

"गेल्या रविवारपासूनच हे सुरू झालंय," भिंगरी म्हणाली. आमची नात बारा वर्षांची आहे. एका जागी बसत नाही म्हणून ती भिंगरी.

तिचं म्हणणं खरं होतं. रविवारी संगणकावर भलत्याच जाहिराती उड्या मारायला लागल्या, तेव्हा अँटिव्हायरस घ्यायचा ठरला. कोणता, यावर जेवणाच्या टेबलावर तासभर वाद झाला. मुलाने त्याच्या कचेरीतल्या संगणकवाल्याचा शब्द प्रमाण मानला. सुनेने तिच्या भावाला फोन लावला, त्याने दुसराच सुचवला. भिंगरीच्या मैत्रिणीकडे तिसरा होता, त्यावर ढालीचं छान चित्र होतं. शेवटी सगळे म्हणाले, "विचार करू."

आमच्या घरात 'विचार करू' याचा अर्थ, प्रत्येकाने गुपचूप आपल्या मनासारखं करायचं. बैठकीच्या खोलीचा रंग असाच दोनदा लागलाय.

आताही तेच झालं होतं, फक्त ते कुणाला माहीत नव्हतं. आठवडाभर संगणक गोगलगायीसारखा चालत होता आणि दर पाच मिनिटांनी पडद्यावर कसली तरी खिडकी उघडत होती. धोका आढळला. तपासणी करू का? परवानगी द्या. नाकारा. मी बंद करून करून दमलो होतो.

अडीच वाजता सुनेने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"वहिनी, अँटिव्हायरस कोणता बसवलाय?" त्याने विचारलं.

सुनेने एक नाव सांगितलं. मुलगा दचकला. "तो कधी बसवलास? मी सोमवारीच दुसरा बसवलाय."

"मग मला सांगायचंत ना!"

"तुम्ही दोघं थांबा," भिंगरी हळूच म्हणाली. "माझाही आहे."

फोनमधून हसू आलं. "एका दारावर तीन राखणदार? अहो, ते चोर कसले पकडतायत, एकमेकांचीच गचांडी धरून बसले असतील. आधी बघा, तुमची पेटी कुणी कोंडून ठेवलीय का. संशय आला की हे लोक फाइल कोठडीत टाकतात. घरी बनवलेल्या गोष्टीवर तर हमखास संशय घेतात, ओळखीचा शिक्का नसतो ना. आणि एक ऐका, कोठडी तपासल्याशिवाय कुठलाच काढू नका. तो गेला की कोठडीतलंही जाईल."

तीन वाजून पाच मिनिटं. मुलाच्या अँटिव्हायरसची कोठडी उघडायलाच वीस मिनिटं लागली. ती रिकामी निघाली.

"बघ, माझा निर्दोष," मुलगा म्हणाला.

"निर्दोष की निरुपयोगी?" सून म्हणाली.

तिच्या कोठडीत दोन जाहिराती सापडल्या. ती खुर्चीत जरा ताठ बसली. मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा गॅलरीत गेलो. खालून शिलाईयंत्राची घरघर येत होती. ती थांबली की वाटायचं, धाकटी आली.

"आजोबा, बसा ना. तुम्हीच भिंगरी झालात."

उरला ढालीचा. त्याला कोठडी होती, पण रिकामी. भिंगरीने नोंदींचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "आज, अकरा चाळीस. अनोळखी प्रोग्राम कायमचा काढून टाकला. वापरकर्त्याच्या होकारानंतर."

"होकार कुणी दिला?" मुलगा म्हणाला. "अकरा चाळीसला मी कचेरीत होतो."

"मी बाजारात."

"मी शाळेत."

"म्हणजे याने खोटंच लिहिलंय," मुलगा म्हणाला. "घरात बाबा होते, आणि बाबा न वाचता काही दाबायचे नाहीत. मला लहानपणी प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तराला हात लावू द्यायचे नाहीत."

मला ती खिडकी आठवली. लाल होती. तिच्यावर चार ओळी होत्या, मी पहिलीच वाचली होती. ती सकाळपासूनची सोळावी की सतरावी. मी वैतागून 'होय' दाबलं होतं आणि वर 'जा एकदाची' असंही म्हणालो होतो.

मी बोलायला तोंड उघडलं आणि बेल वाजली. चारला पाच कमी होते.

धाकटी आत आली, चपला जोडीने ठेवल्या आणि थेट खुर्चीवर चढली. पडद्याकडे पाहिलं. मग आम्हा चौघांकडे.

"आज पेटी जरा..." सून सुरू झाली. "संगणक आजारी आहे गं."

"दुरुस्तीला द्यायचाय," मुलाने जोड दिली.

मलाही हे वाक्य चाललं असतं. तीन आठवडे निघाले असते. पण समोर जी बसली होती, ती माझा प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरून ठेवणारी होती.

"पेटी गेली," मी म्हणालो. "संगणकाने मला विचारलं, ही काढून टाकू का? मी प्रश्न पुरता वाचला नाही. होय म्हणालो. चूक माझी आहे."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. धाकटीचे ओठ मिटले. मग तिने सुरुवात केली.

"आ... आ... आ..."

आम्ही थांबलो. मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्याला वाटतंय ती 'आजोबा' म्हणणार. त्याच्या जिभेवर शब्द आला होता. मी बोट वर केलं. घड्याळ टकटकत होतं. भिंगरीसुद्धा हलली नाही.

"आ... आणि श... श... शब्द?"

पेटी गेली, आणि शब्द? दोन तास चौघांपैकी एकालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं. आम्ही पेटीच शोधत बसलो होतो.

भिंगरीने झडप घालून माउस धरला. "त्याने प्रोग्राम काढला! आवाज प्रोग्राममध्ये नसतात, वेगळ्या फोल्डरमध्ये असतात!" फोल्डर उघडायला संगणकाने जीव खाल्ला. मग एकेक करून आकडे उतरत गेले. एक, दोन, तीन. नावं नाहीत, चित्रं नाहीत, नुसते आकडे. शेवटचा चौसष्ट.

मी वही आणली. "सतरा," वही धाकटीपुढे धरून मी म्हणालो.

भिंगरीने सतरावर टिचकी मारली. दोन सेकंद काहीच नाही. मग स्पष्ट, सलग आवाज आला: "कुलूप."

धाकटीने तो ऐकला. हसली नाही. वही स्वतःकडे ओढली आणि पुढचा आकडा दाखवला. मग त्याच्या पुढचा. चौसष्ट होईपर्यंत तिने कुणाला उठू दिलं नाही.

त्यानंतर राखणदाराचा निकाल लागला. सुनेचा ठेवायचा ठरला, कारण तो परस्पर काही फेकत नव्हता, आधी कोंडून ठेवत होता. "माझ्यासारखा माणूस घरात असला तर तोच बरा," मी म्हणालो आणि कुणी वाद घातला नाही. चौसष्ट आवाजांची एक प्रत भिंगरीने पेन ड्राइव्हवर काढली. माझ्या मनाला ती पुरेना, म्हणून दुसरीही काढायला लावली.

मग ढालीचा काढायला घेतला. लगेच पडद्यावर खिडकी आली. लाल. चार ओळी.

मुलाचा हात माउसकडे गेला.

"थांब," मी म्हणालो. "धाकटे, वाच बघू काय विचारतोय."

तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. "तु... तु... तु..."

माउसवरचा हात मुलाने मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. आम्ही चौघं पडद्याकडे बघत बसलो. अजून चारही ओळी बाकी होत्या.