तोंडचं पाणी

बैलाचं नाव असलेल्या माणसाने शिंग फुंकावं यात नवल ते काय, असं वृषभ मगदूमच्या गल्लीत सगळे म्हणत. पण त्याचं शिंग साधंसुधं नव्हतं. फ्रेंच हॉर्न होता तो. उलगडला तर बारा फूट भरेल एवढी पितळी नळी, जिलबीसारखी गुंडाळलेली. तोंड मागच्या बाजूला, आणि त्या तोंडात वाजवणाऱ्याचा उजवा हात खुपसलेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, गडी आत पडलेली किल्ली शोधतोय.

या वाद्याची खोड अशी की चाव्या मोजून तीन-चार, बाकी सगळा कारभार ओठांचा. खालचे सूर ऐसपैस पायऱ्यांसारखे असतात. वर जावं तशा पायऱ्या एकमेकींना चिकटत जातात, एकीवर टाकलेला पाय दुसरीवर पडतो आणि सूर तडकतो. तडकलेला सूर बहिऱ्यालाही कळतो. वृषभला तर जास्तच. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो दिवसभर कास्टिंगवर, म्हणजे लोखंडाच्या ओतीव भागांवर, हातोडी मारून तडा ऐकायचं काम करी. त्या कानाने आजवर हजारो नग भंगारात धाडले होते. आज तोच कान त्याच्यावर टपून बसला होता.

लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेल्या विजयसिंहांनी लग्नाच्या बँडवाल्यांतून, कॉलेजातल्या व्हायोलिनच्या पोरींतून वेचून वेचून बेचाळीस माणसांचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्याचा हा पहिला जाहीर कार्यक्रम. कुण्या परदेशी बुवाने दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेली सिंफनी, आणि तिच्या मध्यावर एक जागा अशी की सगळे गप्प होतात, व्हायोलिनं नुसती कुजबुजतात, आणि एकटा हॉर्न उंचावरून साद घालतो. ती साद वृषभची, कारण हॉर्नवाल्यांत पहिली खुर्ची त्याची, पृथ्वीराजची दुसरी. विजयसिंहांनी तालमीतच बजावलं होतं, "सूर तडकला तर उद्यापास्नं पैली खुर्ची पृथ्वीराजची. माझ्याकडं अपील न्हाय."

सूर तडकेल याची भीती वृषभला हॉर्न हाती धरल्यापासून सहा वर्षं होतीच, तिची सवय झाली होती. आजची भीती वेगळी होती. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. दहा दिवस सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेणार नाही, असा नेम त्याने आणि त्याच्या आईने, राजमतीने, बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, सगळ्यांसमोर घेतला होता. नेम घेताना कार्यक्रम दुपारी साडेचारचा होता. बस्तीतल्या पत्रिकेत सूर्यास्त सहा अडतीसचा होता. तोवर साद घालून, हॉर्न पुसून, घरी जाऊन पाणी पिऊन होईल, असा साधा मेळ त्याने घातला. पण त्यात प्रमुख पाहुण्यांना धरायचं तो विसरला.

साडेचारला फोन आला, पाहुणे मलकापुरातून निघाले. सव्वापाचला कळलं, वाट वाकडी करून कोडोलीत कुणाकडे चहाला थांबलेत. साडेपाचला कळलं, चहाबरोबर कांदाभजीही आहेत. वृषभने चारलाच दोन तांबे पाणी पिऊन ठेवलं होतं. ते सहाच्या आत परतही गेलं. पुन्हा प्यावं म्हणून बाटली उघडतो तोच पाहुण्यांच्या गाडीचा भोंगा वाजला आणि विजयसिंह गरजले, "सगळी स्टेजवर! बाटल्या हितंच!"

मग सत्कार सुरू झाले. पहिला हार एवढा जाड की पाहुण्यांना दोघांनी काखेत धरून उभं केलं. शाली एवढ्या की चौथ्या शालीनंतर पाहुणे नेमके कुठे आहेत ते नुसत्या आवाजावरून ओळखावं लागलं. वृषभ मागच्या ओळीत, मांडीवर हॉर्न घेऊन, मनगटाकडे बघत बसला होता. सहा एकतीस. सहा चौतीस. आता उठून आत जावं? एवढ्या लोकांत, भाषण चालू असताना? सहा सदतीसला तो अर्धा उठलाही. विजयसिंहांनी नुसतं बघितलं. तो बसला. खिडकीतला पिवळा उजेड भिंतीवरून घसरला आणि गेला.

तोंडचं पाणी पळतं म्हणतात ना, तसं त्याचं पळालं, आणि जाताना ओठांचंही घेऊन गेलं. आता त्या ओठांवर पापड भाजून निघाला असता. जीभ टाळूला अशी चिकटली की सोडवताना टर्रकन आवाज झाला. शेजारच्या खुर्चीवरच्या पृथ्वीराजने दचकून आपली पँट चाचपून बघितली.

"काय झालं रं?"

"तोंड वाळलंय. ओठ थरथरत न्हाईत. सूर निघायचा न्हाय."

पृथ्वीराजने कोटाच्या आतून एक चपटी बाटली हळूच दाखवली. "पाणीच हाय. घे घोटभर. औषध म्हण. कोण बघतंय?"

"आई बघत्या."

राजमती पहिल्याच ओळीत होती. तिने सकाळपासून एकदाच खाल्लं होतं, आणि त्याच्याकडे अशी बघत होती की जणू हॉर्न तीच धरून बसलीय. तिच्या शेजारी शेजारच्या घरातली बाळाबाई. बाळाबाईला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण राजमती एकटी कशी जाणार म्हणून ती आली होती. वृषभ बाटलीकडे बघत राहिला. घोट घेतला तर नेम गेला. न घेतला तर सूर, आणि सहा वर्षं. त्याने डोळे मिटून मान हलवली. पृथ्वीराजने बाटली आत सरकवली, आणि त्याला हायसं वाटलं की वाईट, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

सिंफनी सुरू झाली. वृषभ रिकाम्या मात्रा मोजू लागला. ओठ चाटून बघितले, जीभच खरखरीत. माऊथपीसमध्ये हलकी फुंकर मारली तर नुसती सुकी हवा, चुलीतल्या फुंकणीसारखी. चाळीस मात्रा उरल्या. पस्तीस. पाठीवरून मात्र घाम वाहत होता. पाणी होतं अंगात, पण पत्ता चुकलं होतं.

तेवढ्यात त्याला दिसलं, आई बाळाबाईच्या कानाला लागली आहे. बाळाबाईला कुजबुजणं माहीतच नव्हतं. व्हायोलिनांवरून तिचा आवाज स्टेजपर्यंत आला.

"आत्ता? ह्या माणसांत? मग तूच खा की!"

राजमतीने हात जोडले आणि खिडकीतल्या अंधाराकडे बोट केलं.

"व्हय की, तुझा नेम न्हवं का. बरं बाई."

तिने कमरेची चंची सोडली, मीठ-मिरची लावलेला चिंचेचा गोळा काढला, स्टेजकडे तोंड केलं आणि चोखला. एक डोळा बारीक झाला, गाल आत गेले, मान शहारली, आणि शेवटी टाळूवर जीभ वाजली, टॉक!

वृषभच्या कानांखाली कळ आली. मग जिभेच्या मुळाशी झरा फुटला. ओठ ओले झाले. चार मात्रा. त्याने तो सूर आधी डोक्यात ऐकला, हॉर्नमधल्या हाताला पितळेचा गारवा लागला, आणि फुंकलं.

सूर अखंड निघाला. तडा नाही, ओरखडा नाही. साद संपली, आता तिचाच पडसाद. हात आत घट्ट दाबून हॉर्नचं तोंड बंद करायचं, म्हणजे आवाज डोंगरापलीकडून आल्यासारखा येतो. पण हात दाबला की सूर अर्धी पायरी सरकतो, म्हणून बोटं त्या बेताने बदलून धरायची. तेही जमलं. विजयसिंहांच्या मिशीचं एक टोक वर गेलं.

राजमतीच्या डोक्यात एकच गोष्ट आली नव्हती. स्टेजवरून बाळाबाई एकट्या वृषभलाच नव्हे, सगळ्यांनाच दिसत होती.

विजयसिंहांनी बाकीच्या पितळी वाद्यांना काठीने हुकूम दिला आणि ट्रंपेटांनी चूळ भरली. ट्राँबोन बुडबुडले. ट्यूबाच्या भल्यामोठ्या भोंग्यातून विहिरीत घागर बुडाल्यासारखा आवाज आला. पृथ्वीराजच्या हॉर्नमधून तर म्हणे एवढं पाणी निघालं की पुढच्या पोरीने व्हायोलिन डोक्यावर धरलं. विजयसिंहांची काठी थांबली नाही, लष्करी माणूस. त्यांनी डावा हात वृषभकडे केला. डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, तू चालव.

ट्रंपेटांचा भाग त्याने कधी वाजवला नव्हता, नुसता तालमीत ऐकला होता. वरच्या पायऱ्या, एकीला एक चिकटलेल्या. पण थांबायला जागा नव्हती. सोळा मात्रा तो एकटा ती धून ओढत राहिला, एकेका सुराआधी काळीज हातात धरून, आणि बाकीचे आपापली वाद्यं उलटी करून झटकत राहिले. मग एकेक जण परत आला.

टाळ्या थांबल्यावर विजयसिंह एवढंच म्हणाले, "पैल्या खुर्चीवरनं हलू नकोस," आणि बाकीच्यांकडे वळले. त्यांचं काय झालं ते न सांगितलेलं बरं.

वृषभ हॉर्न काखेत मारून बाहेर आला. आई जिन्याजवळ उभी होती. त्याचा चेहरा अजून उतरलेलाच.

"आई, वाजवताना तोंडाला पाणी सुटलं न्हवं, ते गिळलं गं मी. दोनदा."

"तुझंच हुतं न्हवं?"

"व्हय, पर पाणीच की. बस्तीत विचारायला पायजे."

राजमतीने इकडेतिकडे बघितलं, बाळाबाई जरा लांब गेल्याची खात्री केली, आणि पदराने ओठ टिपले.

"गप बस. मी तिच्या शेजारीच बसलेली. मी चारदा गिळलं."