मॅनेजरच्या खुर्चीवर कुणी बसायचं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझं आयुष्य जिथं गेलं तिथं तुम्हा मुलांना यायला बंदी होती. नांदूरघाटच्या फाट्यावर उत्तरेश्वररावांचं हॉटेल होतं. पुढे चहा, भजी आणि भाकरी-कालवण. मागे काळ्या काचेच्या दाराआड परमिट रूम. त्या दाराच्या आत, गल्ल्यामागे, माझी जागा. म्हणून म्हटलं, मीच बाहेर येऊन सांगावं.

मला केजच्या एका सुताराने घडवलं. बाभळीचं लाकूड, रुंद हात, ताठ पाठ. उत्तरेश्वररावांनी त्याला बजावलं होतं, "सायबाची वाटली पाहिजे." मग त्याने पाठीवर दोन मोर कोरले. ते कोंबड्यांसारखे दिसतात, पण ते जाऊ द्या. त्या काळात रोज नवं काहीतरी येत होतं. फाट्यावर एसटीडी बूथ आलं, हॉटेलात रंगीत टीव्ही आला, बिअर गार करायला भलामोठा फ्रीज आला आणि मॅनेजरला बसायला मी आले. लोक माझ्या हातांवरून हात फिरवून "लई भारी" म्हणायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. मला फारसं कशाचंच काही वाटत नाही, लाकडाचा स्वभावच तसा.

पहिले मॅनेजर आश्रुबा. परवान्यावर त्यांचं नाव होतं. पण दम्याने धरल्यापासून ते माझ्यावर कमी आणि घरच्या खाटेवर जास्त असायचे. काम सगळं ओढायचा मुंजाजी.

हा मुंजाजी मूळचा नेपाळचा. अगदी लहानपणी मामासोबत ट्रकमधून फाट्यावर उतरला. मामा पुढे कुठेतरी कामाला गेला तो परत फिरकलाच नाही. पोर तापाने फणफणलं. हॉटेलात भाकऱ्या थापणाऱ्या मनकर्णाबाईंनी पिंपळाखालच्या मुंज्याला नवस बोलला की लेकरू उठलं तर तुझं नाव ठेवीन. लेकरू उठलं. त्याचं आधीचं नाव काहीतरी होतं, ते मग कुणी विचारलंच नाही. मनकर्णाबाईंना मूलबाळ नव्हतं; त्यांनी त्याला वाढवलं आणि तो त्यांना आई म्हणू लागला. "कावून" आणि "न्हाई" तर असा म्हणायचा की पिढ्यान्‌पिढ्या इथलाच असावा.

आश्रुबांनी अखेर काम सोडलं. उत्तरेश्वरराव मुंजाजीला म्हणाले, "आता खुर्ची तुझी." त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. मुंजाजी नवा शर्ट घालून आला आणि माझ्या अगदी कडेवर टेकला. पूर्ण बसायला त्याला कितीतरी दिवस लागले. मग मात्र तो माझ्यावर रेलून, मांडीवर हात ठेवून बसायचा आणि गिऱ्हाइकं त्याला "मॅनेजर" म्हणून हाक मारायची. तेवढ्या एका हाकेवर त्याचा दिवस जायचा.

परवान्यावर त्याचं नाव लावायला उत्तरेश्वररावांनी अर्ज केला तेव्हा जन्मगाव म्हणून नांदूरघाट ठोकून दिलं. आपण खोटं बोलतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. तो परमुलखातला आहे हे अख्खं गावच विसरून गेलं होतं.

चौकशीला बीडहून इन्स्पेक्टर आले ते भर दुपारी. आले ते थेट माझ्यावर बसले. मुंजाजी माझ्यामागे उभा राहिला.

"चेहरा इकडचा वाटत नाही तुझा," साहेब म्हणाले. "हा दारूचा परवाना आहे, पानाची टपरी नाही. मॅनेजर भारताचा नागरिकच लागतो. तू कुठला?"

"इथलाच हाय साहेब," उत्तरेश्वरराव मध्येच बोलले. "आमच्या मनकर्णाबाईचा."

मनकर्णाबाई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. "माझाच हाय. लिवा."

"तुमच्या पोटचा?"

"मंग काय उकिरड्यावर सापडला?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मुंजाजीला म्हणाले, "बाई सांगतायत, तूही सांग. हीच माझी जन्माची आई, एवढं म्हण. माझी चौकशी संपली."

मुंजाजीचा हात माझ्या पाठीवर होता. तो घामाने ओला झाला होता. एक "हो" म्हटलं की मी त्याची, गिऱ्हाइकांची हाक त्याची.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "आई हीच हाय. हिच्यावाचून मी वाचलोच नसतो. पण जन्म दिलेली तिकडं नेपाळात हाय. जिती हाय का न्हाई, ठावं न्हाई. असली तर वाट बघत असंल. तिला कशी न्हाई म्हनू?"

"आरं येड्या," उत्तरेश्वररावांनी कपाळाला हात लावला, "ती काय ऐकायला बसलीय व्हय?"

साहेबांनी टोपण परत लावलं. मनकर्णाबाई स्वयंपाकघरात परत गेल्या. त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या जात होत्या.

उत्तरेश्वररावांनी मुंजाजीला कामावरून काढलं नाही, एवढी त्यांची माणुसकी. परवान्यावर नाव लागलं त्यांच्या भाच्याचं, सुग्रीवचं. सुग्रीवचं शिरूर कासारला कापडाचं दुकान होतं. परमिट रूममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण नागरिक होता पक्का. तपासणी असली की यायचा, माझ्यावर बसायचा, सही करायचा आणि जायचा. एरवी सगळं मुंजाजीच बघायचा. उभ्याने.

मी रिकामी आणि तो माझ्या शेजारी उभा. "बस की बे, खुर्ची काय चावतीय का?" गिऱ्हाइकं म्हणायची. तो "बरंय" म्हणायचा. रोज मला पुसायचा, पण टेकायचा नाही. त्याला राग आला होता की दुःख झालं होतं, मला सांगता येणार नाही. त्याचा चेहरा माझ्या पाठीसारखाच कोरडा झाला होता. मनकर्णाबाई ताट पुढे सरकवताना "जेव" म्हणायच्या, तेवढंच. वर्षं अशीच गेली. मीही उभी, तोही उभा.

मग एका दुपारी आत कुणीच नसताना मनकर्णाबाई काळं दार ढकलून आल्या. गुडघ्यांनी पार थकल्या होत्या. "बस," त्या त्याला म्हणाल्या.

"तू बस, आई." त्याने मला पुढे ओढलं. त्या बसल्या. बाईंचं वजन काहीच राहिलं नव्हतं.

"नारायणगडाला चाललेय," त्या म्हणाल्या. "तिच्या नावानं बी नारळ फोडीन म्हनते. नाव काय तिचं?"

"कुनाचं?"

"तुझ्या तिकडच्या आईचं. इतकी वर्सं इचारलंच न्हाई बघ मी."

माझ्या हातावर मुंजाजीची बोटं आवळली.

"ठावं न्हाई, आई," तो म्हणाला. "आमी तिला आईच म्हनायचो."

मनकर्णाबाईंनी त्याचा हात ओढून आपल्या गालाला लावला आणि दोघंही रडले. मित्रांनो, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. लाकडाला वाटतं तेवढं नाही, चांगलंच वाटलं.

आता मी अडगळीत आहे. मोरांना वाळवी लागली आहे, एक पाय डगमगतो. मला रंग द्या, माझा पाय ठोका, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या आसपास कुणी वर्षानुवर्षं उभ्यानेच काम करत असेल, तर त्याला आधी बस म्हणा. आणि तो बसला की त्याच्या आईचं नाव विचारा, त्याला ते आठवतंय तोवर.