फळीवरचा शेगडीचा डाग

मित्रांनो, या, बसा. अहो, जागा कसली शोधताय, माझ्यावरच बसा. मी हातगाडी आहे. वय झालंय, त्यामुळे जरा कुरकुरेन, तेवढं मनावर घेऊ नका.

मला एका सुताराने घडवलं आणि लोहाराने माझ्या चाकांवर लोखंडी धावा तापवून चढवल्या. असा चटका बसला म्हणून सांगू! पण त्या चटक्यामुळेच चाकं जन्मभर टिकली. मग या गल्लीतल्या हमालमामांनी मला घरी आणलं. मामा बोलायला तुसडे, पण सामान उचलायचे ते झोपलेलं मूल उचलावं तसं. गल्लीत नवं बिऱ्हाड यायचं म्हटलं की स्टेशनवर आम्ही दोघं हजर. ट्रंका, गाद्या, पाळणे, उलट्या खुर्च्या आणि सगळ्याच्या वर एखादं रडकं पोर. कुणी मोठ्या ऐटीत उतरायचं आणि गाठोड्यातून दोन पोचे आलेली पातेली निघायची. आम्ही कुणाला कधी बोललो नाही. मामा म्हणायचे, "आल्या दिवशी माणसाची लाज झाकावी. उद्या तोच आपला शेजारी."

पुढे टेम्पो आले. मामा थकले आणि एक दिवस गेलेसुद्धा. मी त्यांच्या घराच्या भिंतीला लागून उभी राहिले ती राहिलेच. मामी माझ्यावर गादी वाळत घालायची, तेवढाच काय तो माझा उपयोग. तिच्या मुलाने मात्र लकडा लावला होता. "आई, स्कूटर लावायला जागा नाही. वखारवाल्याला देऊन टाक हिला."

मामी नुसती "बघू" म्हणायची. पण 'बघू' किती दिवस पुरणार? एका सकाळी वखारवाला आला, माझ्या फळ्या ठोकून खूश झाला. "लाकूड मस्त वाळलंय, झकास पेटेल. रविवारी नेतो." माझ्या तोंडचं पाणीच पळालं, मित्रांनो. ज्या पाठीवरून अख्खी गल्ली आली, ती आता चुलीत जाणार होती.

त्याच आठवड्यात वाचनालयातल्या बाईंनी गल्लीचा इतिहास लिहायला घेतला. पुस्तकांतून नव्हे, माणसांना विचारून. आधी त्या दारोदार फिरल्या. पण एका घरात बसलं की दुसरं रुसायचं. म्हणून त्यांनी मामीच्या भिंतीच्या सावलीत स्टूल टाकलं आणि येईल त्याला माझ्यावर बसवू लागल्या.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचं घर या गल्लीत कधीपासून?"

झालं! नेमकं इथेच घोडं अडलं. मूळचे कोण आणि मागाहून आलेले कोण, यावरून गल्लीच्या दोन टोकांचं फार जुनं वाजलेलं. बेकरीवाला म्हणाला, "आमच्या पणजोबांनीच ही गल्ली वसवली." शिंपीणबाई म्हणाल्या, "गल्ली कसली? आम्ही आलो तेव्हा इथे नुसतं रान होतं!" घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी तर कडीच केली. "आम्ही त्या रानाच्याही आधीचे."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळेच आधीपासून होते, तर नंतर आलं कोण?"

मी खाली दातओठ खात होते. एकूण एक माझ्याच पाठीवरून आलेले, आणि काय हो या बढाया! पण बोलणार कशी? शनिवार उजाडला. बाई कंटाळून सगळं गुंडाळायच्या बेतात होत्या. शिंपीणबाई आणि बेकरीवाला काकांना खोटं पाडायला बाजूलाच टपून उभे होते. काका माझ्यावर ऐसपैस बसून पणजोबांचे पराक्रम सांगत होते. बोलता बोलता त्यांचा हात फळीवरून फिरला आणि एका जळक्या खळग्यात अडकला. काका वाकले. बोटाने तो गोल डाग पुन्हापुन्हा चाचपत राहिले.

"हा आमच्या शेगडीचा डाग," ते हळूच म्हणाले. "आईला वाटलं विझली, पण आत निखारा होता. निम्म्या वाटेत फळी धुमसायला लागली. हमालमामांनी स्वतःच्या प्यायच्या पाण्याने विझवली. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी नुकसान केलं म्हणून आई रडायला लागली. तेव्हा मामा म्हणाले, वहिनी, रडू नका. आता ही गाडी तुमचं घर विसरायची नाही."

रानाच्या आधीचे काका हातगाडीवरून आले होते! आता टोमणे सुरू होणार, असं मला वाटलं. पण शिंपीणबाई पुढे आल्या आणि माझ्या फळ्यांवरून हात फिरवू लागल्या. "आमच्या मशीनचे पाय रुतले होते इथेच कुठेतरी... हे बघा, सापडले!" बेकरीवाल्याला मागच्या फळीवर आजोबांच्या लोखंडी पलंगाने ओढलेला चरा दिसला. "चरा कसला, नांगरटच केलीय म्हाताऱ्याने!" आणि सगळे खो खो हसले.

बाईंनी प्रश्नच बदलला. "पहिल्या दिवशी बरोबर काय आणलंत?" मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत दोन्ही टोकांची माणसं येत होती, आणि आठवणी आवरता आवरत नव्हत्या. एक म्हातारी दाई तेवढी हात फिरवून मागे सरली. "आमचं एक गाठोडंच होतं गं. त्याचा काय डाग पडणार?" आजी, डाग नसेल, पण त्या गाठोड्याचं वजन मला अजून आठवतं. आत तुमची लेक झोपली होती.

रविवारी वखारवाला आला, तर काका माझ्यावर मांडी घालून बसलेले. "हिला हात लावायचा नाही," ते गरजले. बेकरीवाला मामीच्या मुलाला म्हणाला, "तुझी स्कूटर लाव माझ्या दारात." मामीने डोळ्यांना पदर लावला आणि पहिल्यांदाच 'बघू' न म्हणता सरळ "नाही द्यायची" म्हणाली. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

हल्ली बाईंनी मला वाचनालयाच्या ओसरीवर आणून ठेवलंय. मित्रांनो, जुनी वस्तू जळणाला द्यायच्या आधी तिच्यावरून एकदा हात फिरवा, एवढंच माझं मागणं. परवा गल्लीत एक नवं बिऱ्हाड टेम्पोतून आलं. सामान मोजकंच, माणसं बुजलेली. सगळ्यात आधी त्यांच्या ट्रंकेला हात लावला तो घड्याळवाल्या काकांनी. म्हणाले, "या, या. आम्हीही असेच आलो."