घड्याळ कपाटात गेलं

मित्रांनो, नळीशी ठिगळ लावलेली ही जुनी निळी हवेची गादी म्हणजे मी. माझं कौतुक करू नका, नुसतं ऐका.

कारखान्यात माझे कप्पे जोडले तेव्हा मी भलतीच तोऱ्यात होते. पंप लावला की माझा एक कप्पा फुगतो, शेजारचा बसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार एकाच जागी राहू नये, एवढंच माझं काम.

मी आले शिंपीमास्तरांच्या घरी. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचे पाय गेले होते. मास्तरीणबाई गजराचं घड्याळ लावून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायच्या. बिचारीच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. लेकीनं मला पलंगावर अंथरलं आणि म्हणाली, "आई, सुटलीस बघ! ही आपली आपण हलते."

बाईंनी घड्याळ कपाटात ठेवून दिलं. अहो, मी अर्धंच काम करते, कूस बदलायला माणूसच लागतो! पण मला तोंड कुठलं? मास्तर दिवसचे दिवस उताणे राहिले. येणारेजाणारे मला दाबून बघत आणि वाहवा करत. सांगायला लाज वाटते, पण मीही फुगत होते.

माकडहाडावर आधी लाल डाग उठला. बाईंनी पावडर लावली. मग कातडी फुटली, वास सुटला, ताप काही उतरेना. मलमपट्टीला आलेल्या सिस्टरनं जखमेत बारीक सळई घातली, ती आत टक्कन लागली.

"हे हाड आहे, मावशी. जंतू हाडात गेलेत. कूस बदलत होता ना?"

"गादी होती ना," बाई म्हणाल्या.

ते तीन शब्द मी अजून विसरले नाही.

इस्पितळात सडलेलं हाड खरवडलं, सहा आठवडे शिरेतून औषध दिलं. घरी आल्यावर बाईंनी घड्याळ परत काढलं. डावी कूस, उजवी कूस, एक वेळ चुकवली नाही. जखम मात्र भरेना. मास्तर हसून म्हणाले, "अगं, कापडच विरलं की टाका धरत नाही." बाई माझ्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडल्या. आठवड्यात विष रक्तात भिनलं आणि मास्तर गेले.

परवा एक गृहस्थ त्यांच्या आईसाठी मला न्यायला आले. बाई म्हणाल्या, "गादी न्या, पण आधी हे घड्याळ घ्या. दर दोन तासांनी कूस बदला हो. गादी नुसती गादीच असते."

"हो हो, मावशी," म्हणत त्यांनी मला खांद्यावर टाकलं. घड्याळ टेबलावरच राहिलं.

आता त्यांची आई सकाळपासून माझ्यावर उताणी पडली आहे. पंप चालू आहे आणि घरातले सगळे निर्धास्त आहेत. मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत. तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल तर आत या, त्या माउलीची कूस बदला.