ठिणगीमहाराजांची फळी

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे ठिणगीमहाराज एक गुडघा टेकून बसले होते. कफनीच्या घोळाखाली लाकडाची फळी, तिच्या खळग्यात उभी दांडी, दांडीला दोरीचा वेढा. चेला दोरी मागेपुढे ओढत होता, दांडी गरगर फिरत होती. काडेपेटी नाही, लायटर नाही. धूर निघाला, महाराजांनी काहीतरी सुक्या गवतात घेऊन फुंकर मारली आणि भडका उडाला. जयजयकाराने पत्रे दणाणले.

"शुद्ध मनाला अग्नी भेटतो," महाराज गरजले, "पाप्याला नुसता धूर! अंगात सुया टोचून घेणाऱ्याचं रक्तच बाटलेलं. सुया फेका, माझी राख खा!"

भिंतीला टेकलेल्या शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच ऐकून त्याच्या बायकोने इन्सुलिन सोडलं होतं. महाराज भक्तांना एकेक फळी देऊन मनाची परीक्षा घेत; तिच्या फळीतून धूरच आला होता. "माझंच मन काळं," असं म्हणत ती राख चाटत राहिली आणि थोड्याच दिवसांत गेली. आता तोच आजार असलेली लेक रांगेत उभी होती.

"घरी चल," त्याने तिचा दंड धरला.

"बाबा, एकदा बघू द्या ना."

"आणि धूर आला तर?"

ती खाली बघत म्हणाली, "तर उद्यापासून इंजेक्शन बंद."

तिची पाळी आली. चेल्याने तिच्यापुढे दुसरी फळी ठेवली. शिंपी स्वतः दोरी ओढायला बसला. घाम फुटेपर्यंत ओढली. खळग्याभोवती काळी भुकटी उडाली आणि गार झाली. धूर, फक्त धूर.

"अगदी आईवर गेली हो!" महाराज हसले.

लेक रडू लागली. शिंपी ताडकन उठला. "तुमची फळी द्या इकडे."

"सिद्ध वस्तू आहे! हात लावशील तर जळशील!"

"जळू द्या की. आगीसाठीच तर आलोय."

लोक हसले. तेवढ्यात त्याने फळी ओढून घेतली. लेकीने डोळे पुसले, दोन्ही फळ्या शेजारी धरल्या आणि ती थबकली.

"बाबा, ह्यांच्या फळीला कडेपासून खळग्यापर्यंत खाच आहे. माझ्या फळीला नाही."

बापलेकीने महाराजांच्या फळीवर पुन्हा दांडी फिरवली. या वेळी भुकटी खाचेत साठत गेली. दांडी थांबली तरी धूर थांबेना. मग भुकटीत लाल ठिपका दिसला. लेकीने तो गवतात घेतला, फुंकलं, आणि भडका!

"महाराजांचा हात लागलाय फळीला, म्हणून!" कोणीतरी ओरडलं.

"मग हिची फळी काय माझ्या मेव्हण्याने दिली होती? तीही ह्यांचीच!" शिंपी उसळला. "लाकडावर लाकूड घासलं की तापलेली भुकटी पडते. खाचेत एका जागी साठली, हवा मिळाली, की निखारा होतो. खाच नसली की उडून विझते. पाप नाही आणि पुण्य नाही. महाराज, आता तुम्ही हिच्या फळीवर काढा अग्नी."

"आज माझं मौन आहे."

"अगं बाई!" एक म्हातारी म्हणाली, "मघापासून तोंडाचा पट्टा चालू होता तो कुणाचा?"

लेकीला हसू आलं नाही. "म्हणजे बाबा, आईचं मन काळं नव्हतं."

"नव्हतं गं. ह्या चोराने तिला तसं पटवून मारलं."

घरी कुणी आजारी असेल, तर अशा माणसाकडे आधी त्याची फळी मागावी. तो देणार नाही. मग उठून घरी यावं आणि औषध वेळेवर घ्यावं.