वज्रपाद चूर्णाची कौसल्याबाई

धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते चूर्णाचं खोकं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मग खाटेशेजारी बसलेल्या बेबाबाईकडे पाहिलं. पुन्हा खोक्याकडे, पुन्हा तिच्याकडे.

"कौसल्याबाई तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

बेबाबाईला वाटलं, डॉक्टरांची काही गफलत होतेय. तिची धाकटी बहीण सुंदरबाई साक्रीकडच्या आपल्या गावात चक्कर येऊन पडली होती. साखर भलतीच वाढलेली, तोंड सुजून भोपळ्यासारखं झालेलं. निरोप मिळताच बेबाबाई असोद्याहून मिळेल त्या एस.टी.नं धुळ्याला आली होती. डॉक्टरांनी सुंदरबाई काय काय खाते ते विचारलं, तेव्हा पोस्टानं मागवलेल्या चूर्णाची गोष्ट निघाली आणि तिच्या नवऱ्यानं पिशवीतून ते खोकं काढून दिलं.

खोक्यावर दोन चित्रं होती. डावीकडे एक म्हातारी खाटेवर पडलेली, गुडघे धरून कण्हत असलेली. उजवीकडे नऊवारीतली, पायात पांढरे बूट घातलेली, दोन्ही हात उंच केलेली हसरी बाई. ती बेबाबाई होती. खाली लिहिलं होतं, 'सहा वर्षं अंथरुणाला खिळले होते. वज्रपाद चूर्णानं मला पाय दिले. कौसल्याबाई, नाशिक.'

फोटो तिला चांगलाच ओळखीचा होता. मागच्या वर्षी जळगावात ज्येष्ठांची भरभर चालण्याची स्पर्धा झाली. सून कामिनीनं हौसेनं सासूचं नाव दिलं आणि जन्मभर केळीच्या बागेत भाकरी पोचवणारी, डोक्यावर भारा घेऊन बांधाबांधानं पळणारी बेबाबाई सगळ्यांच्या पुढे निघून गेली. पेपरात फोटो आला होता, हातात चांदीसारखा चकचकीत कप. खोक्यावरच्या चित्रात तो कप पुसून टाकलेला होता आणि त्या जागी चूर्णाचं खोकं चिकटवलेलं होतं.

सुंदरबाईनं कसेबसे डोळे उघडले. "अक्का, खोक्यावर तुना फोटो व्हता," ती म्हणाली. "मंग मी कसाले इचारू?"

या एका वाक्यानं बेबाबाईच्या काळजात जे रुतलं, ते परतीच्या सगळ्या वाटेत निघालं नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं: चूर्णात बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असावं, आधी गुडघे हलके होतात, माणूस खूश होतो आणि आतून शरीर पोखरत जातं. त्यात फोनवरच्या कुणा वैद्यानं सुंदरबाईला साखरेच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. दोन औषधं पोटात भांडतात म्हणे. बहिणीनं विश्वास ठेवला होता तो त्या वैद्यावर नव्हे, सख्ख्या बहिणीच्या चेहऱ्यावर.

असोद्याला आली तर आणखी एक गोष्ट तिची वाट पाहत होती. कामिनीनं शोध घेतला, तेव्हा कळलं की गावातल्या कितीतरी बायकांच्या फडताळात ती खोकी होती. कुणी तिला बोललं नव्हतं इतकंच. तिच्या पाठीमागे बोलणं असं चाललं होतं, की बेबाबाई आपली सांगते भाकरी आणि चालणं, पण कप जिंकला तो चूर्ण खाऊनच. नवरा कौतिक शांत माणूस. तो म्हणाला, लोक बोलतात, आपण आपलं काम करावं. त्या दिवशी बेबाबाईनं त्याच्या ताटात भाजी जरा आपटूनच वाढली.

दुसऱ्या दिवशी सासू-सून जळगावला औषध निरीक्षकांकडे गेल्या. दिपमाला सोनवणे नावाच्या त्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली आणि खरी अडचणही लपवली नाही. खोक्यावरचा पत्ता खोटा होता. त्या पत्त्यावर आधीही त्यांची माणसं जाऊन आली होती, तिथे फक्त एक बंद गाळा होता. माल कुठून निघतो ते सापडत नाही. माल आणि माणूस एका जागी हाती लागले, तर मात्र आपण सोडणार नाही, असं त्या म्हणाल्या.

बेबाबाई घरी आली. मग ओसरीवर बसून तिनं कामिनीला खोक्यावरचा नंबर लावायला सांगितला. बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं कर, आणि फोनमध्ये साठवूनही ठेव, असं बजावलं.

पलीकडच्या गोड आवाजानं आपण डॉक्टर जितेंद्र असल्याचं सांगितलं. नाडी न धरता, तोंड न पाहता त्यानं भराभर प्रश्न विचारले. झोप लागते का, भूक लागते का, उठताना गुडघा वाजतो का, जिना चढताना दम लागतो का. बेबाबाई सगळ्याला हो म्हणत गेली, आणि त्यानं तिला वात, आमवात, मणक्याची झीज आणि रक्त जाड होण्याचा विकार असल्याचं जाहीर केलं. तालुक्याच्या डॉक्टराच्या गोळ्या आजपासून बंद, असंही सांगितलं. बेबाबाईनं भाबडा सूर काढून विचारलं, गुण येईलच कशावरून? तेव्हा तो म्हणाला, "आजी, खोक्यावरच्या कौसल्याबाई बघा. माझ्याच पेशंट. चौघांनी उचलून आणलं होतं त्यांना. आज डोंगर चढतात."

"मंग आता कुठं ऱ्हायते ती?"

"मुलाकडे, अमेरिकेत."

"बरं चाललं हाये ना तिचं तिकडं?"

"एकदम मजेत," डॉक्टर जितेंद्र म्हणाला.

कामिनीनं तोंडात पदर कोंबला. बेबाबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तिनं सांगितलं, की आमचं गाव मोठं, केळीच्या बागेत वाकून वाकून सगळ्याच बायांचे गुडघे गेलेत; पण पोस्टानं मागवायचं तर नवरे विचारतात. तुम्हीच माल घेऊन आलात आणि सगळ्यांना तपासलंत, तर पुण्य लागेल. पलीकडून बाया किती जमतील, असा प्रश्न आला. मग गोड आवाज आणखी गोड झाला आणि शिबिराचा दिवस ठरला.

त्या दिवशी मारुतीच्या पारापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. बेबाबाई घरोघर फिरून आली होती. आधी तिला वाटलं होतं, बाया लाजतील, फसलो हे कबूल करणार नाहीत. पण सुंदरबाईची हकीकत ऐकून एकेकीनं फडताळातलं खोकं बाहेर काढलं. दिपमाला सोनवणे साधं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन मधल्या ओळीत बसल्या होत्या. त्यांची माणसं आणि दोन साध्या वेशातले पोलीस चहाच्या टपरीवर. सुंदरबाईला दवाखान्यातून नुकतंच सोडलं होतं; तिनं हट्टच धरला, म्हणून नवऱ्यानं तिला गाडी करून आणलं होतं.

डॉक्टर जितेंद्र उशिरा आला. तो येईपर्यंत बेबाबाई सारखी रस्त्याकडे पाहत होती. त्याला कुणी सावध केलं असेल, तो येणारच नाही, गावापुढे आपलं हसं होईल. मग पांढरी मोठी गाडी पाराशी थांबली. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला तरुण उतरला, मागून ड्रायव्हरनं खोक्यांचे गठ्ठे उतरवले आणि शेवटी माणसाच्या उंचीचा एक फलक काढून उभा केला. त्यावर खुद्द बेबाबाई, हात वर करून हसत होती.

बेबाबाई पहिल्या ओळीत नाकापर्यंत पदर ओढून बसली होती. जितेंद्रनं माईक घेतला आणि कौसल्याबाईची कथा रंगवायला सुरुवात केली. खाट, कण्हणं, सुनेचे टोमणे, देवाला घातलेलं साकडं, मग चूर्णाची पहिली पुडी. एवढं मन लावून तो सांगत होता, की एखाद्या नवख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. बाया मान खाली घालून बसल्या होत्या, खांदे गदगदत होते. त्याला वाटलं, रडताहेत.

बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, कुणाला काही शंका?

बेबाबाई उठली. पाराच्या पायऱ्या एका दमात चढली, फलकाशेजारी जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दोन्ही हात वर केले.

 मग मागच्या ओळीतून हसू फुटलं आणि ते पुढे येत येत सगळ्या पारावर पसरलं. जितेंद्र फलकाकडे पाहत होता, बाईकडे पाहत होता. त्याच्या हातातला माईक बेबाबाईनं हळूच काढून घेतला.

"मी बेबाबाई. याच गावची," ती म्हणाली. "मी एक दिवस आंथरुनावर पडली नाही, अन् याचं चूर्ण कधी जिभेले लावलं नाही. माह्या तोंडानं हा तुमच्याशी खोटं बोलला. माह्या बहिनीशी बोलला."

खाली सुंदरबाई उठून उभी राहिली होती. तिनं आपला सुजलेला चेहरा सगळ्यांकडे वळवला. "मनं तोंड देखा," एवढंच ती म्हणाली, आणि हसणं एकदम थांबलं.

जितेंद्र गाडीकडे वळला. पण गाडीच्या दारांना टेकून बाया मांडी ठोकून बसल्या होत्या. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही, फक्त कुणी उठेना. तोवर दिपमाला सोनवणे पदर खोचून पुढे आल्या, आपली ओळख दिली आणि माल ताब्यात घेतला. जितेंद्र नुसता बारावी झालेला होता. त्यानं तिथेच पायरीवर बसून गोदामाचा खरा पत्ता सांगितला.

गोदाम शेजारच्या राज्यात निघालं. तपासणीत चूर्णात स्टेरॉइड सापडलं, मालकाला अटक झाली. पेपरात बातमी आली, तेव्हा कुठून कुठून बाया पुढे येऊन तक्रारी देऊ लागल्या. असोद्यात तर बेबाबाई सकाळी चालायला निघाली, की तिच्यामागे बायांची रांग लागायला लागली. ज्या पाठीमागे कुजबुजत होत्या, त्या सगळ्यांत पुढे. कौतिकनं स्वतःहून स्वतःसाठी बूट आणले. तो मागे राही, पण येई.

सुंदरबाईची सूज हळूहळू उतरली. साखरेच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, गुडघे मात्र दुखायचे तसे दुखतच राहिले. पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी तिचा फोन आला, तेव्हा बेबाबाई केळीच्या बागेत होती. साक्रीच्या बाजारात एक जण जीपवर कर्णा लावून सांध्यांचं तेल विकत होता. सुंदरबाई गर्दीतून वाट काढत पुढे गेली, आणि तेलाच्या बाटलीवरच्या बाईचं गाव, आडनाव आणि फोन नंबर मागितला. त्यानं टाळलं, तिनं पुन्हा विचारलं. मग शेजारच्या भाजीवालीनं विचारलं, मग आणखी एकीनं.

"मंग काय झायं?" बेबाबाईनं बहिणीच्या बोलीत विचारलं.

"काय व्हनार? बठ्ठं सामान गाडीमा टाकं नि पयी गया," सुंदरबाई म्हणाली. तेलवाल्याच्या पळण्याची गोष्ट सांगताना तिचा आवाज एखाद्या पोरीसारखा खणखणत होता. मागे बाजारातल्या बाया हसताना ऐकू येत होत्या.